चाकूच्या पाठीवरचे मळसूत्र

रोज खिशात बाळगायच्या घडीच्या चाकूला बूच काढण्याचे मळसूत्र, म्हणजे बोलण्यात ज्याला आपण कॉर्कस्क्रू म्हणतो ते, असावे की नसावे, हा प्रश्न वरकरणी थट्टेचा वाटेल. तो बडोद्याच्या वाचकांपुढे मांडावा, हे तर अधिकच. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले, तेव्हा मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा त्याच्याकडे वारशाने आला. परवान्यांचे अपवाद आणि डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती दिलेली सवलत सोडली, तर ती बंदी आजही कायम आहे. अशा गावी वाइनच्या बाटलीचे बूच उपसण्याचे हत्यार खिशात घालून हिंडणे म्हणजे वाळवंटात वल्हे खांद्यावर टाकून चालण्यासारखे आहे.

तरीही हे हत्यार आपल्या घरांत येऊन बसले आहे. परदेशी स्थायिक झालेला मुलगा, पुतणी किंवा भाचा सुट्टीत घरी येतो, तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी पुष्कळदा एक छोटा लाल चाकू आणतो. त्यावर ढालीत पांढरा क्रूस असतो. घरातील मंडळी त्याची पाती उघडून पाहतात, कात्री असल्यास तिचे कौतुक करतात आणि पाठीवरचे ते वेटोळे दिसले की हसून पुन्हा मिटवून ठेवतात. चाकूच्या सर्व अवयवांत सर्वांत कमी वापरला जाणारा अवयव तोच. मग तो तेथे आला कसा, सव्वाशे वर्षे टिकला कसा, आणि आपल्यासारख्यांनी तो बाळगण्यात काही अर्थ आहे काय? या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिल्या दोघांचे उत्तर इतिहासात सापडते. तिसऱ्याचे उत्तर आपले आपण द्यायचे आहे. पण इतिहास ठाऊक झाल्यावर ते देणे सोपे जाते.

आरंभ ‘बूच’ या शब्दापासूनच करू. चावी, पगार, बटाटा यांच्याप्रमाणे हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. मूळ शब्द ‘बुशा’. त्याचा अर्थ भोक बुजवण्यासाठी ठासून बसवलेला गोळा किंवा बोळा. गंमत अशी की, बंदुकीच्या नळीत दारू आणि गोळी जागच्या जागी राहावी म्हणून जो चिंध्यांचा वा कागदाचा बोळा ठासत, त्यालाही पोर्तुगीज भाषेत हाच शब्द आहे. मराठीने त्यातला बाटलीचा अर्थ घेतला आणि बंदुकीचा सोडून दिला. पुढे तर हा शब्द एका झाडालाही चिकटला. पांढऱ्या, लांब देठांच्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे जे उंच झाड आपण बुचाचे झाड म्हणून ओळखतो, त्याची भेगाळलेली, मऊसर साल हलक्या प्रतीचे बूच म्हणून वापरता येते. त्यावरून ते नाव पडले. आकाशनीम किंवा गगनजाई ही त्याची अधिक काव्यमय नावे. पण रस्त्यावरचा माणूस त्याला बूचच म्हणतो.

खरे बूच मात्र या झाडाचे नव्हे. ते भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात वाढणाऱ्या एका ओक वृक्षाच्या सालीचे असते. जगातील सुमारे निम्मे बूच आजही एकट्या पोर्तुगालमध्ये निघते. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाले की त्याची साल पहिल्यांदा सोलतात आणि त्यानंतर दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन वेळची साल बाटलीच्या बुचाच्या योग्यतेची नसते. ती योग्यता तिसऱ्या सोलणीला येते. म्हणजे झाड लावणाऱ्याच्या हयातीत त्याला फार थोडी बुचे पाहायला मिळतात. ही साल दाबली की आकसते आणि मोकळी सोडली की पुन्हा फुगते. या एका गुणामुळे ती काचेच्या तोंडाशी असा काही घट्ट संसार थाटते की द्रव बाहेर झिरपत नाही.

बुचाने बाटली बंद करण्याची कला प्राचीनांनाही ठाऊक होती; पण तिचा सार्वत्रिक प्रसार सतराव्या शतकात झाला, तो इंग्लंडमध्ये. दगडी कोळशाच्या प्रखर भट्ट्यांत तेथे जाड, काळसर आणि मजबूत काचेच्या बाटल्या तयार होऊ लागल्या. त्यापूर्वीची काच इतकी नाजूक असे की तिच्या तोंडात बूच ठोकणे म्हणजे बाटली फोडणेच. मजबूत बाटली मिळाल्यावर बूच पूर्णपणे आत ठोकता येऊ लागले, आणि तेथेच नवी अडचण उभी राहिली. अर्धे बाहेर राहिलेले बूच दातांनी किंवा बोटांनी काढता येते. काठापर्यंत आत गेलेले कसे काढायचे?

याचे उत्तर ठासणीच्या बंदुकीने दिले. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पलटणींतही ज्या बंदुका होत्या त्या याच जातीच्या. अशा बंदुकीचा बार उडाला नाही, किंवा भरलेली बंदूक रिकामी करावयाची झाली, तर नळीतला बोळा बाहेर काढण्यासाठी गजाच्या टोकाला एक वळसेदार लोखंडी किडा बसवीत. तो बोळ्यात फिरवून रुतवायचा आणि ओढायचा. हेच साधन आकाराने लहान करून आडव्या मुठीला बसवले की बाटलीचे बूच निघते. पहिला नमुना नक्की कोणी केला हे इतिहासात नोंदलेले नाही. परंतु १६८१ साली नेहेमाया ग्रू याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संग्रहाची जी सूची प्रसिद्ध केली, तीत बाटलीतून बुचे काढण्याच्या पोलादी किड्याचा उल्लेख आहे. ज्या अर्थी तो दुसऱ्या वस्तूचे वर्णन समजावे म्हणून उपमेसारखा आला आहे, त्या अर्थी वाचकांना ते साधन तोपर्यंत चांगले परिचयाचे झाले असले पाहिजे. बंदुकीच्या बोळ्याला आणि बाटलीच्या बुचाला एकच शब्द वापरणारी पोर्तुगीज भाषा आणि दोघांवर एकच हत्यार चालवणारा इंग्रज कारागीर, हे दोघे एकाच निष्कर्षाला वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले होते.

या साधनाचे पहिले पेटंट १७९५ साली सॅम्युएल हेन्शॉल या इंग्रज धर्मोपदेशकाने घेतले. त्याची युक्ती साधी होती. मळसूत्राच्या वरच्या टोकाला त्याने एक लहान चकती बसवली. मळसूत्र पुरते आत गेले की चकती बुचाच्या माथ्यावर टेकते; आणखी फिरवले की बूच स्वतःच गरगरते आणि काचेशी धरलेली त्याची पकड सुटते. वाफेच्या यंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन याच्या कारखान्यात ही कॉर्कस्क्रू तयार झाली. पुढच्या शतकात तरफांचे, दात्यांचे, दुहेरी मळसूत्रांचे असे शेकडो प्रकार निघाले. १८८२ मध्ये जर्मनीतील रोस्टॉक येथील कार्ल विन्के याने एका बाजूने बाटलीच्या काठावर टेकणारी तरफ जोडून जो प्रकार काढला, तो आजही खानावळीतील वाढप्यांच्या खिशात असतो.

त्या काळी बूच केवळ मद्याच्या बाटलीलाच असे, अशी आज आपली समजूत होते. ती दुरुस्त करून घेतली पाहिजे. औषध, शाई, सुगंधी द्रव्ये, तेले, रसायने, सारे काही बुचाखाली नांदत असे. आपल्यातील ज्येष्ठांना जुन्या दवाखान्यातील मिक्श्चरची बाटली आठवत असेल. घरून धुऊन नेलेली बाटली, कंपाउंडरने तीत भरलेले लालसर औषध, बाहेरून चिकटवलेली मात्रेच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी आणि वर लहानसे बूच. ते बूच कधी मोडे, कधी बाटलीत पडे, आणि मग दोऱ्याचा फास आत सोडून ते बाहेर काढण्याचा कौशल्याचा प्रयोग घरोघर होई. युरोपात अशा बुचांसाठी बोटाएवढी, घडीची कॉर्कस्क्रू मिळत. सोडावॉटरच्या बाटल्यांनाही प्रथम बूचच असे, आणि ते वाळून वायू निसटू नये म्हणून बाटलीचा बूड मुद्दाम गोल करून ती आडवी ठेवावी लागे. इंग्रज हायरम कॉड याने १८७० नंतरच्या वर्षांत बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी घालून ही कटकट संपवली. आपल्या जत्रांत आणि स्टेशनांबाहेर फट् आवाज करीत फुटणारा गोटी सोडा तो हाच. १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटर याने कडेला चुण्या असलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याचे पेटंट घेतले, आणि बुचाचे राज्य आक्रसू लागले.

चाकूला कॉर्कस्क्रू जोडण्याची कल्पनाही कोणा एकाची नव्हे. इंग्लंडातील शेफील्ड हे चाकूसुऱ्यांचे गाव. तेथील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात एका मुठीत अनेक अवजारे कोंबण्याची जणू स्पर्धाच मांडली होती. जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीने १८२२ साली त्या सालाइतक्या, म्हणजे १८२२ पात्यांचा एक चाकू प्रदर्शनासाठी घडवला. शिकारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी जे चाकू निघत, त्यांत खुरातले खडे काढण्याचा आकडा, टोचा आणि कॉर्कस्क्रू हमखास असे. हर्मन मेल्व्हिलच्या १८५१ च्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत जहाजावरच्या सुताराची तुलना शेफील्डच्या अशाच एका बहुगुणी चाकूशी केलेली आढळते, आणि त्यातील अवजारांत कॉर्कस्क्रूही मोजलेले आहे. मात्र हे चाकू जाड, जड आणि महाग असत. ते हौसेच्या वस्तू होत्या. रोजच्या खिशातल्या नव्हेत. ती मजल स्वित्झर्लंडमधील एका गरीब दरीत गाठली गेली.

कार्ल एल्सनर या कारागिराचा जन्म १८६० चा. त्याने १८८४ मध्ये श्विट्स परगण्यातील इबाख या खेड्यात चाकूसुऱ्यांचा कारखाना काढला. आजचा स्वित्झर्लंड डोळ्यांपुढे आणला तर त्या काळच्या दारिद्र्याची कल्पना येणार नाही. शेतजमीन थोडी, उद्योग नाहीत, आणि तरुण मंडळी पोटासाठी समुद्रापार निघून जात होती. आपल्या खोऱ्यातल्या माणसांना आपल्याच खोऱ्यात काम मिळावे, ही एल्सनरची तळमळ होती.

याच सुमारास स्विस लष्कराने प्रत्येक शिपायाला घडीचा चाकू देण्याचे ठरवले. १८८९ मध्ये लष्कराने नवी बंदूक स्वीकारली. ती उघडून साफ करावयाची तर पेचकस लागे. शिधा डब्यातून येई. त्याला डबा उघडण्याचे हत्यार लागे. तेव्हा पाते, टोचा, डबा उघडण्याचे हत्यार आणि पेचकस अशी चार साधने असलेला, गडद लाकडी मुठीचा चाकू मंजूर झाला. तो १८९० चा नमुना म्हणून ओळखला जातो. परंतु एवढ्या संख्येने चाकू पुरवू शकेल असा कारखाना देशात नव्हता. पहिले १५,००० चाकू जर्मनीतील झोलिंगन येथील वेस्टर आणि कंपनीकडून आणावे लागले आणि ते ऑक्टोबर १८९१ मध्ये मिळाले.

आपल्या देशाच्या शिपायाने परदेशी चाकू वापरावा, हे एल्सनरला रुचले नाही. त्याने देशातील चाकू कारागिरांचा संघ उभा केला आणि १८९१ मध्येच लष्कराला पुरवठा सुरू केला. पण हातकारागिरी झोलिंगनच्या यंत्रांशी किमतीत टिकेना. सहकारी एकेक करून बाजूला झाले, एल्सनर मात्र हटला नाही, आणि होते नव्हते ते सर्व घालवून बसला. नातलगांनी हात दिला म्हणून तो वाचला.

या परिस्थितीत त्याने जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. शिपायाचा चाकू दणकट होता, पण जड होता, आणि त्याचा नमुना सरकारने ठरवून दिलेला होता. त्यात एल्सनरला काही फरक करता येत नव्हता. म्हणून त्याने दुसरा चाकू रचला: हलका, देखणा, अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घ्यावा असा. शिपायाच्या चार साधनांत त्याने दोनच वस्तू वाढवल्या. एक लहान पाते, आणि दुसरे कॉर्कस्क्रू. १२ जून १८९७ रोजी ‘अधिकाऱ्यांचा आणि खेळाडूंचा चाकू’ या नावाने त्याची कायदेशीर नोंदणी झाली.

या चाकूचे खरे मर्म त्याच्या कमानीत आहे. घडीच्या चाकूत प्रत्येक पात्याला उघडे आणि मिटलेले धरून ठेवण्यासाठी पाठीशी एक लवचीक पोलादी पट्टी, म्हणजे कमान लागते. साधने वाढली की कमानी वाढतात, कमानी वाढल्या की जाडी आणि वजन वाढते. शेफील्डचे बहुगुणी चाकू या हिशेबात अडकले होते. एल्सनरने एकाच कमानीच्या दोन्ही अंगांना काम दिले. पोटाच्या बाजूची पाती तीच कमान धरते आणि पाठीच्या बाजूचा टोचा व कॉर्कस्क्रूही तीच. त्यामुळे सहा साधने केवळ दोन कमानींवर बसली. कॉर्कस्क्रू त्याने पाठीच्या बरोबर मध्यावर ठेवले. ते उघडले की चाकूची मिटलेली मूठ आडवा दांडा बनते आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून बूच ओढता येते. वेगळी मूठ नको, वेगळा थर नको. खिशाच्या हिशेबात कॉर्कस्क्रूचा भार जवळजवळ शून्य आला.

ते बसवावेसे वाटले, यातही नवल नाही. स्वित्झर्लंड हा स्वतः द्राक्षे पिकवणारा आणि आपली बहुतेक वाइन आपणच पिऊन संपवणारा देश आहे. जिनीव्हा सरोवराच्या काठचे लाव्होचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे २००७ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. डोंगरातल्या तळावर संध्याकाळी भाकरी, चीज आणि एक बाटली, हा तेथील अधिकाऱ्याचा साधा जेवणाचा रिवाज. त्याच्या खिशातला चाकू दिवसा बंदुकीचा मळसूत्री खिळा सैल करी आणि रात्री बूच काढी.

लष्कराने मात्र हा चाकू कधीच सरकारी साहित्यात घेतला नाही. प्रस्तुत लेखकाने राज्य सरकारच्या सेवेत असताना साहित्यखरेदीच्या मंजूर याद्या पुष्कळ वाचल्या आहेत, आणि त्या वाचणाऱ्याला लष्कराच्या या निर्णयात काहीही चूक दिसणार नाही. सरकारी यादीतील प्रत्येक वस्तूपुढे तिचे प्रयोजन लिहावे लागते. पाते कापण्यासाठी, पेचकस बंदुकीसाठी, टोचा चामड्यासाठी, डब्याचे हत्यार शिध्यासाठी. कॉर्कस्क्रूपुढे काय लिहिणार? करदात्याच्या पैशाने शिपायाच्या हाती बाटली उघडण्याचे साधन देण्यास कोणताही हिशेबतपासनीस हरकत घेईल, आणि ती योग्यच ठरेल. पुढेही हाच दंडक राहिला. नवा शिपाई-चाकू २००८ च्या नमुन्याने आला. त्यात एका हाताने उघडणारे पाते आणि करवत आली, फुलीचा पेचकस आला, पण कॉर्कस्क्रू आले नाही. शिपायाला सरकारने दिलेल्या चाकूवर ते कधीच नव्हते. स्विस लष्कराचा चाकू म्हटल्याबरोबर जगाच्या डोळ्यांपुढे जे वेटोळे उभे राहते, ते त्या लष्कराच्या भांडारात कधी जमाच झालेले नाही!

पण यादीबाहेरच्या त्या चाकूनेच एल्सनरचे घर सावरले. अधिकाऱ्यांनी तो आवडीने घेतला, मग गिर्यारोहकांनी, मग प्रवाशांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो घरी नेला आणि जर्मन नाव उच्चारता येईना म्हणून त्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ हे सुटसुटीत नाव दिले. १९०९ मध्ये आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा एल्सनरने तिचे नाव आपल्या मालाला दिले. १९२१ नंतर न गंजणाऱ्या पोलादाची फ्रेंच संज्ञा त्याला जोडली जाऊन ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव झाले. सरकारी पुरवठ्याची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. फ्रेंच भाषकांच्या ज्युरा भागातही एक कारखाना उभा राहिला होता, तो पुढे वेंगर या नावाने दलेमाँ येथून प्रसिद्धीस आला. १९०८ मध्ये सरकारने शिपायांच्या चाकूचा ठेका दोघांत निम्मा-निम्मा वाटला: निम्मा जर्मन भाषक मुलखाला, निम्मा फ्रेंच भाषकांना. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या बेळगावकर बांधवांना या तोडीचे मोल वेगळे सांगायला नको. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेईपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे ती तोड टिकली.

इतका इतिहास झाला. आता व्यवहाराचा प्रश्न. ज्या बुचासाठी हे मळसूत्र होते, ते बूचच मागे हटत आहे. काही बुचांमुळे वाइनला कुबट वास येतो. त्याचे कारण असलेले संयुग १९८१ मध्ये स्विस संशोधकांनीच ओळखले. २००० साली ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्याच्या उत्पादकांनी आपल्या बाटल्यांना फिरकीची पत्र्याची झाकणे लावली, पाठोपाठ न्यूझीलंडने तोच मार्ग धरला. नाशिकच्या अनेक बाटल्यांवरही आज हीच झाकणे दिसतात. औषधाच्या बाटलीचे बूच तर केव्हाच गेले. म्हणून काहीजण म्हणतात की, त्या जागी फुलीचा पेचकस असलेला चाकू घ्यावा. तोच कारखाना तसेही नमुने बनवतो. या म्हणण्यात तथ्य आहे. घरातली रेडिओची, मिक्सरची, मुलांच्या खेळण्यांची कितीतरी झाकणे फुलीच्या खिळ्यांनी बसवलेली असतात. शिवाय कॉर्कस्क्रूचे तोटेही आहेत. बराच वेळ काही कापत बसले की ते तळहाताला टोचते, आणि त्याच्या वळशांत खिशातला कचरा साठतो.

दुसऱ्या बाजूनेही विचार केला पाहिजे. एखाद्या साधनाची किंमत ते किती वेळा लागते यावर ठरवावी की ते नसताना अडते किती यावर? पेचकसाचे काम वेळप्रसंगी पात्याच्या टोकाने, नाण्याने, नखाने उरकता येते. चांगले होत नाही, पण होते. शेजाऱ्याकडेही पेचकस असतोच. बुचाचे तसे नाही. ते चाकूने काढू गेल्यास बूच कुसकरते किंवा हात कापतो. वळशाचे काम वळसाच करतो. आणि वळसा काही केवळ बुचालाच उपयोगी नाही. पावसात भिजून आवळलेली वाळवणाची दोरी, पोत्याची सुतळी, सामानाच्या खोक्याला बांधलेला काथ्या, यांची जी गाठ नखांना आणि दातांना दाद देत नाही, तीत मळसूत्राचे टोक हलके शिरवून ओढले की ती दोरी न कापता सुटते. आपली पिढी दोरी कापून टाकणारी नव्हे. सोडवून गुंडाळून ठेवणारी आहे. तिच्या हाती हे साधन शोभते.

आणखी एक उपयोग एल्सनरच्या स्वप्नातही नसेल. पुढे त्याच्या वारसांनी एक अगदी बारीक पेचकस केला, आणि त्याला जागा दिली ती कॉर्कस्क्रूच्या वळशांच्या पोकळीत. तो मळसूत्रातच फिरवून बसवायचा आणि फिरवून काढायचा. तो चष्म्याच्या काडीचा खिळा आवळण्यासाठी आहे. साठी उलटलेल्या वाचकाला याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही. ज्यांना बाटली उघडायची नाही अशांच्या खिशात मद्याचे हत्यार चष्म्याच्या सेवेला लागले आहे. वस्तूंचे प्रयोजन त्या घडवणाऱ्याच्या हाती कायम राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे: ज्याच्या घरी एकच चाकू आहे आणि दुसरे कोणतेही अवजार नाही, त्याने फुलीच्या पेचकसाचा चाकू घ्यावा, त्याला त्याचा रोज उपयोग होईल. पण ज्याच्या घरात अवजारांची पेटी आहे, त्याने खिशासाठी कॉर्कस्क्रूचाच चाकू पत्करावा. पेटीत जे आहे त्याची नक्कल खिशात बाळगण्यापेक्षा पेटीत जे नाही ते बाळगणे शहाणपणाचे. वजन वाढत नाही, जाडी वाढत नाही. अडलेल्या दिवशी मात्र ते उपयोगी पडते.

यात एक उपरोधही आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू नेण्यावर निर्बंध आले, विमानतळांवरच्या दुकानांतील विक्री थांबली आणि इबाखच्या कारखान्यावर संकट आले. पण त्याने कामगार कमी केले नाहीत. काहींना काही काळ आसपासच्या उद्योगांत काम मिळवून दिले आणि पुन्हा परत बोलावले. संस्थापकाची तळमळ शंभर वर्षांनंतरही विसरली गेली नव्हती, असे म्हणावे लागेल. २०२४ मध्ये याच कंपनीने जाहीर केले की, अनेक देशांतील चाकूविषयीचे कडक कायदे पाहता पाते नसलेल्या खिशातल्या साधनांवर आपण काम करीत आहोत. अमेरिकेत तर आजच पाते नसलेले कॉर्कस्क्रू विमानाच्या कक्षात नेता येते, चाकू मात्र नेता येत नाही. सव्वाशे वर्षे ज्याच्या उपयुक्ततेविषयी शंका घेतली गेली ते मळसूत्र निर्दोष सुटले, आणि ज्याच्या उपयुक्ततेविषयी कोणी प्रश्नही विचारला नव्हता त्या पात्यालाच आता आपले प्रयोजन लिहून द्यावे लागत आहे.

मंजूर यादी आवश्यकच असते; तिच्याविना भांडार चालत नाही आणि राज्यही चालत नाही. परंतु यादी करणाऱ्याला शिपायाची बंदूक दिसते, त्याची संध्याकाळ दिसत नाही. एल्सनरने ती पाहिली, एक वेटोळे वाढवले आणि एका खोऱ्याची चूल पेटती ठेवली. तेव्हा घरातल्या त्या लाल चाकूच्या पाठीवरचे मळसूत्र पुढच्या वेळी दिसले तर त्याला हसू नये. त्याला थोडे तेल द्यावे, वळशांतला कचरा काढावा आणि चष्म्याची काडी सैल झाली आहे का तेवढे पाहावे.